फोटोतल्या कमलम्माला भेटायला: पनवेल ते मुडिगेरे

कर्नाटकातल्या मुडिगेरेला का गेलात असं कुणी विचारलं की त्यांना डोंगर, धुकं, कॉफीचे मळे असलं काहीतरी ऐकायचं असतं. आम्ही गेलो ते करंजाच्या एका मासळी विकणाऱ्या बाईमुळे.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी आणि रशीदाआपा पनवेलमध्ये कॉफीच्या ऑर्डरी घ्यायचो. साखरपुडा, बारसं, सोसायटीची सभा, निकाह, काहीही. नळ बसवलेली स्टीलची तीन पिंपं, दीडशे कप, जायफळाची डबी आणि आम्ही दोघी. माझे मिस्टर बेलापूरला ऑफिसात होते, आपांचे कुवेतला. एक रोज सातला घरी यायचे, दुसरे दोन वर्षांनी एकदा. धंद्याला दोघांचाही उपयोग सारखाच होता. आपा स्वतः कॉफी पीत नसत. त्यांना तिचा वास डोक्यात जायचा. त्या घरून थर्मासमध्ये चहा आणायच्या आणि पिंपाच्या मागे बसून प्यायच्या.

एकदा मुंबईत एका महिला मेळाव्यात आम्ही भाषण ऐकलं, की कॉफी पिकवणाऱ्या लहान शेतकऱ्यांच्या हातात फारच थोडं पडतं आणि विकत घेणाऱ्यांनी ठरवलं तर हे बदलता येतं. आम्हाला पटलं. मेळाव्यातच एक एजंट भेटला. तो म्हणाला, मी तुम्हाला थेट शेतकऱ्याची कॉफी देतो, तुम्ही थोडे जास्त द्या, ते मी तिकडे पोचवतो. बरोबर त्याने एक फोटोही दिला. कॉफीच्या झुडपांपुढे फळांनी भरलेली पाटी घेऊन उभी असलेली एक बाई. मागे लिहिलं होतं, कमलम्मा, तालुका मुडिगेरे, आणि गावाचं नाव.

आम्ही तो फोटो मोठा करून घेतला आणि पिंपांशेजारी बोर्ड लावला, ‘रास्त भावाची कॉफी’. पहिल्याच लग्नात एका गृहस्थांनी विचारलं, रेशनकार्ड लागेल का. मग आम्ही बोर्ड बदलून ‘शेतकऱ्याला योग्य मोबदला देणारी कॉफी’ असा केला. तो कुणी पूर्ण वाचत नसे, पण ऑर्डरी वाढल्या. दीड वर्ष पनवेलच्या निम्म्या लग्नांत कमलम्मा टेबलावर उभी होती.

मग करंजाला मच्छीमारांच्या एका कार्यक्रमात मासळी विकणारी एक वयस्कर बाई कप घेऊन फोटोसमोर थांबली.

“ही बाय कोन?”

“ही कॉफी पिकवते. आम्ही तिला जादा भाव देतो.”

“तुमी देता?”

“आमच्या वतीनं एजंट देतो.”

“मंग दलाल देतो.” तिने एक घोट घेतला. “तुमी बगितलाय हिला?”

“नाही.”

“मंग तुमाला काय माईत.”

ती कप ठेवून निघून गेली. टेम्पोतून परतलो. पनवेलला पिंपं उतरवून झाल्यावर आपा म्हणाल्या, “सुलभा, या वर्षी पौष आणि रमजान एकत्र येतायत. धंदा तसाही बसूनच राहणार. ईद झाली की जाऊन येऊ.”

“कुठे?”

“हिच्याकडे,” त्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाल्या.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघालो. कोकणातून थेट मंगळूरला जाणारी रेल्वे तेव्हा नवीनच होती आणि पनवेलकरांना तिचं फार कौतुक होतं. ज्यांना मंगळूरला काहीही काम नव्हतं तेही एकदा जाऊन आले होते. दुपारी चारच्या सुमारास गाडी पनवेल सोडते. डावीकडची खिडकी घ्यावी की उजवीकडची असं वाचक नेहमी विचारतात. बोगदे दोन्हीकडे सारखेच आहेत. मी बटाट्याची भाजी आणि पोळ्या घेतल्या होत्या, आपांनी खिमा, पाव आणि चहाचा थर्मास. चिपळूणच्या पुढे अंधार झाला, जेवलो, झोपलो. सकाळी उठलो तेव्हा नारळ तसेच होते, पाट्या वाचता येत नव्हत्या.

मंगळूरहून चार्माडी घाटातून मुडिगेरेची बस मिळते. चारेक तास लागतात. घाटात पोट ढवळणाऱ्यांनी पुढे बसावं आणि आधी काही खाऊ नये. आम्ही मागे बसलो आणि आधी खाल्लं. घाटमाथ्यावर कोट्टिगेहाराला बस थांबते, तिथे नीर डोसा मिळतो, पांढरा, रुमालासारखा मऊ. मी तो नुसता पाहिला. आपांनी चार खाल्ले आणि चहा मागितला. हॉटेलवाल्याने कॉफी आणून ठेवली. आपांनी ती माझ्याकडे सरकवली.

मुडिगेरेत लॉजवर दोन खाटा आणि एक बादली असलेली खोली मिळाली. थंडी पनवेलच्या हिशेबाने बरीच होती, मी नेलेली शाल पुरली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षावाल्याला गावाचं नाव सांगितलं आणि फोटो दाखवला. त्याने फोटो पाहिला, आम्हाला पाहिलं आणि कुठलाही प्रश्न न विचारता निघाला. लाल मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना सावलीची उंच झाडं, त्यांच्या खाली कॉफी. आठ किलोमीटरला पाऊण तास लागला.

कमलम्मा अंगणात होती. पन्नाशी उलटलेली, बारीक, फोटोतल्यापेक्षा उंच. अंगणभर कॉफीची फळं वाळत पडली होती आणि ती पायाने ती उलथत फिरत होती, आपण धान्याला हात फिरवतो तशी. आम्हाला कन्नड येत नव्हतं. आम्ही फोटो पुढे केला. तिने तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, मग घरात हाक मारली.

आतून तिचा धाकटा भाऊ शेषप्पा आला. त्याने आयुष्याची अठरा वर्षं चेंबूरच्या एका हॉटेलात वाढप्याचं काम केलं होतं आणि त्याचं मराठी आमच्या दोघींपेक्षा भरभर होतं.

“बसा, बसा. कुठून आलात? पनवेल? पनवेलच्या स्टँडवर वडा चांगला मिळायचा. अक्का विचारते, तिचा फोटो तुमच्याकडे कसा?”

मी सांगितलं, एजंटने दिला. शेषप्पाने ते कन्नडमध्ये सांगितलं. कमलम्मा बराच वेळ बोलली.

“अक्का बोलते, दोन वर्षांपूर्वी एक माणूस गाडीतून आला होता, कॅमेरा घेऊन. पाटी उचला बोलला. तिने उचलली. तो गेला. बस.”

“आणि तिला जादा पैसे मिळतात ना?” आपांनी विचारलं. “कॉफीचे. दर वेळी थोडे जास्त.”

शेषप्पाने विचारलं. या वेळी उत्तर छोटं होतं.

“कोण देणार? व्यापारी शहरातून येतो, मोजतो, नेतो. सगळ्यांना देतो तेच देतो.”

आम्ही दोघी ओट्यावर बसून राहिलो. माझ्या पिशवीत आम्ही भेट म्हणून आणलेलं, आम्हीच पनवेलला वापरायचो त्या कॉफी पावडरीचं पाकीट होतं. वर आमचा छापलेला कागद, कागदावर पुन्हा तीच बाई. ते द्यावं की नाही मला कळेना. आपांनीच काढून दिलं.

कमलम्माने पाकीट उघडून वास घेतला. मग आत जाऊन काचेच्या पेल्यात गार पाणी आणलं आणि चिमूटभर पावडर त्यावर सोडली. थोडी पावडर वर तरंगत राहिली. बरीचशी तपकिरी रेघा सोडत खाली गेली आणि पाण्याला चहासारखा रंग आला. आम्ही चौघं त्या पेल्याकडे पाहत होतो.

“अक्का बोलते, वर आहे ती कॉफी,” शेषप्पा म्हणाला. “खाली गेलं ते मूळ. चिकोरी. निम्म्याहून जास्त आहे.”

“आणि वरची कॉफी तरी हिची आहे का?” मी विचारलं.

त्याने विचारलं. कमलम्माने पेल्यात बोट घालून एक कण उचलला, बोटावर पाहिला आणि काहीतरी म्हणाली.

“बोलते, यावर नाव लिहिलेलं नसतं.”

आपांनी डोक्यावरची ओढणी नीट केली. मग शेषप्पाला म्हणाल्या, “भाई, हिला सांगा. दीड वर्ष आम्ही हिचा फोटो टेबलावर ठेवून कॉफी विकली. हिला जास्त पैसे मिळतात असं लोकांना सांगितलं. लोकांनी आमच्यावर विश्वास ठेवला. ते खोटं होतं. आम्हाला माहीत नव्हतं, पण आम्ही विचारलंही नाही.”

शेषप्पाने विचारलं, “एवढं सगळं सांगू?”

“सगळं.”

त्याने सांगितलं. मी कमलम्माच्या चेहऱ्याकडे पाहायचं टाळत होते, म्हणून अंगणातल्या कोंबडीकडे पाहिलं. कमलम्माने ऐकून घेतलं आणि एक प्रश्न विचारला.

“अक्का विचारते, लग्नात ठेवला होता फोटो?”

“हो.”

“नटूनथटून आलेल्या लोकांसमोर?”

“हो.”

“बोलते, मळ्यात कामाला नेसायचं फाटकं लुगडं आहे त्यात. आधी सांगितलं असतं तर बदललं असतं.”

ती उठून आत गेली. आम्हाला वाटलं रागावली. शेषप्पालाही तसंच वाटलं असावं, कारण तो आम्हाला मंगळूरच्या बसची वेळ सांगू लागला. दहा मिनिटांनी ती बाहेर आली ती हिरव्या रेशमी साडीत, केसात अबोलीचा गजरा. माझ्या पर्समध्ये कॅमेरा आहे हे तिने मघाशीच पाहिलं होतं. घराच्या दारात उभी राहिली. पाटी घेणार का असं मी खुणेने विचारलं, तर तिने जोरात नकाराची मान हलवली. मी फोटो काढला. तिने एकूण तीन काढायला लावले, एक आपांबरोबर.

जेवायला थांबलो. तांदळाची भाकरी, फणसाची भाजी, आपांनी विचारलं म्हणून गुळाचा चहाही झाला. जेवताना शेषप्पामार्फत बोलणं झालं. तिच्या तीन एकरांतली गेल्या हंगामातली वीस किलो कॉफी, साफ करून आणलेली, घरात पोत्यात होती. व्यापारी देतो त्यापेक्षा जास्त देऊन ती आम्ही घेतली आणि पैसे तिच्या हातात दिले. आमच्याकडे परतीच्या भाड्यापुरते राहिले. कमलम्माने पैसे मोजले नाहीत. शेषप्पाने मोजले.

परतीच्या प्रवासात टीसीने पोत्यात काय आहे विचारलं. कॉफी म्हटल्यावर त्याने वाकून वास घेतला. कच्च्या कॉफीला ओल्या गवतासारखा वास असतो. त्याचा विश्वास बसला नाही. पोतं सोडून दाखवावं लागलं, तर म्हणाला, हे शेंगदाणे खराब झालेत. आम्ही वाद घातला नाही.

पनवेलला कॉफी भाजायची कुठे हा प्रश्न आम्ही निघताना विचारात घेतला नव्हता. शेवटी बाजारातल्या चणे-फुटाणेवाल्याने भट्टी दिली. पहिली दोन किलो कोळसा झाली. तिसऱ्या किलोपासून त्याला जमलं आणि मग त्याने आम्हाला भट्टीच्या जवळ येऊ दिलं नाही. एजंटला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, सगळेच असं करतात, तुम्हाला चव आवडली होती ना. चव आवडली होती हे खरं होतं. आपांनी फोन ठेवला आणि त्यानंतर त्याच्याकडून काही घेतलं नाही.

नवीन कॉफी लोकांना आवडली नाही. कडू लागते, पाणचट रंग आहे, पूर्वीसारखी दाट नाही. फेब्रुवारीत तीन ऑर्डरी हातच्या गेल्या. एका कार्यालयवाल्याने सल्ला दिला की आहे ते चालू ठेवा, विचारतं कोण. मीही आपांना हळूच म्हटलं होतं की थोडी चिकोरी घालून, तसं सांगून विकू. त्या म्हणाल्या, “घालू. पण आधी जुनं सांगून येऊ.”

म्हणून आम्ही घरोघर गेलो, ज्यांनी तो बोर्ड वाचून ऑर्डर दिली होती त्यांच्याकडे. मला वाटलं होतं या कामाला एक संध्याकाळ पुरेल. दोन आठवडे लागले, कारण प्रत्येक घरी चहा घ्यावा लागला. काही जण हसले. काहींना बोर्ड आठवतही नव्हता आणि ते आमची समजूत घालत होते. एक बाई रागावल्या, आणि मला बरं वाटलं की निदान कुणीतरी रागावलं.

इतक्या वर्षांनी त्या सहलीतलं काय राहिलं याचा विचार करते तेव्हा घाट किंवा धुकं आठवत नाही. आठवतं ते आपांचं ‘आम्ही विचारलंही नाही’ हे वाक्य. मी ते तेव्हा बोलू शकले नसते. मला एजंटचं नाव पुढे करायचं होतं आणि ते करणं चूकही नव्हतं, फक्त अपुरं होतं. आम्ही त्यानंतर सहा वर्षं तो धंदा केला, पूर्वीपेक्षा लहान, आणि दर जानेवारीत दोघींपैकी एक जण मुडिगेरेला जाऊन यायची. तुम्ही जाणार असाल तर जाड स्वेटर न्या आणि बसमध्ये पुढे बसा.

त्या दोन आठवड्यांत सगळ्यात शेवटी आम्ही नवीन पनवेलच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आमची कॉफी होती आणि त्यांनी पाहुण्यांना त्या बोर्डावर छोटं भाषणही दिलं होतं. त्यांच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं, एजंट, पेला, मूळ. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

“एप्रिलमध्ये पणतूचं बारसं आहे,” ते म्हणाले. “तेव्हा कुठली आणाल?”

“तिचीच,” मी म्हटलं. “आम्ही स्वतः आणलेली.”

“कडू आहे म्हणतात.”

“आहे.”

त्यांनी कॅलेंडर काढून तारीख पाहिली.

“साठ माणसं होतील,” ते म्हणाले. “साखर वेगळी ठेवा.”