टेपमामांची अँटेना

टेपमामांनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं. मापाची टेप झोपतानाही गळ्यातून निघायची नाही, म्हणून हे नाव. दुकान बंद केल्यावर त्यांनी एक जुनी रुग्णवाहिका विकत घेतली, आत पलंग, शेगडी आणि झालरीचे पडदे बसवले आणि मामींना म्हणाले, "आता आपण नुसतं फिरायचं."

"फिरू की. पण माझी साडेसातची मालिका बुडाली, तर उतरून घरी जाईन."

म्हणून दोघं गाडीतल्या टीव्हीसाठी अँटेना घ्यायला गेले. दुकानदारानं दोन काढल्या. एक पांढरी, गोल, डब्याच्या झाकणासारखी. "छपरावर बसवा आणि विसरून जा. मात्र टीव्हीचा टॉवर फार लांब असेल तर हिचं काही चालत नाही." दुसरी माशाच्या काट्यासारखी लांबलचक. "ही लांबचंही पकडते. पण दर मुक्कामी टॉवरकडे वळवायची आणि निघताना आठवणीनं दुमडायची."

मामांनी दोन्ही मापल्या. "ही एक मीटर वीस, ती जेमतेम चाळीस सेंटिमीटर. जी लांब, तीच द्या."

"मामा, सदरा नाही शिवायचा," दुकानदार म्हणाला.

"अहो, गोल घ्या," मामी म्हणाल्या. "आठवणीनं करायचं काम तुम्हाला नको. परवा मला पेट्रोल पंपावर विसरून आलात."

"लगेच आलो की परत!"

"अर्ध्या तासानं."

पण मामांनी काटाच घेतला. पहिला मुक्काम तळ्याकाठी पडला. मामा आतून दांडा फिरवत होते, मामी ओरडत होत्या, "आलं... गेलं... आलं! आता श्वाससुद्धा घेऊ नका!" चित्र लख्ख दिसलं. मामांची छाती फुगली.

सकाळी त्याच तोऱ्यात गाडी निघाली. थोड्या वेळानं मामींनी आरशात पाहिलं. "अहो, मागून कोणीतरी टॉवेलवर पळत येतंय."

"सकाळचा व्यायाम असेल."

"ओरडतोय पण."

मामांनी गाडी थांबवली. न दुमडलेल्या अँटेनेत शेजारच्या तंबूची अख्खी दोरी अडकली होती, वाळत घातलेल्या कपड्यांसकट. टॉवेलवाले गृहस्थ धापा टाकत पोचले. मामा ओशाळले, पण हातात शर्ट येताच त्यांची नजर शिवणीवर गेली.

"काखेत उसवलंय. दोन टाके घालून देतो."

"आधी विजार द्या हो!"

मामांनी विजार दिली आणि टाकेही घातले. अँटेना मात्र पार वाकडी झाली होती. दुपारी ते पुन्हा दुकानात उभे राहिले. दुकानदारानं काही न विचारता गोल पुढे केली.

तेव्हापासून मुक्काम कुठे करायचा ते मामी ठरवतात. मामांना हवी होती जंगलं आणि डोंगर, त्यांना मिळतात गावालगतची मैदानं, जिथे टॉवर जवळ असतो. पहिले काही दिवस ते कुरकुरले. हल्ली सात वाजले की स्वतःच पडदे ओढून टीव्हीसमोर बसतात, आणि मामींनी काही विचारलं तर डोळे पुसत म्हणतात, "गप बस गं, धाकटी सून घर सोडून चाललीय!"