मशीन आलं आणि तुमच्या मामीची संध्याकाळ गेली

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं मला हसलात. "आजी, आमच्याकडे सगळ्यांच्या घरी डिशवॉशर असतो, तूच एकटी त्याच्यावर चिडतेस," म्हणालात. चिडतेच. का ते लिहूनच कळवते, कारण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही.

तुमच्या मामाने ते मशीन आणलं ते मामीसाठी. मामी रोज लातूरहून एसटीने अहमदपूरला शाळेत शिकवायला जाते. तिला कॉलेजात प्राध्यापक व्हायचं आहे आणि त्यासाठीच्या परीक्षेचा अभ्यास करायला तिच्याजवळ फक्त संध्याकाळ आहे. ती संध्याकाळ मोकळी व्हावी, म्हणून ही खरेदी. हेतू चांगला होता, हे मी मान्य करते. त्यापुढचं काहीही मला मान्य नाही.

मशीन बसलं त्याच दिवशी मामाने भांडीवाल्या बाईंना परस्पर सांगून टाकलं, की उद्यापासून येऊ नका. मला विचारलं नाही. मामीला तर नाहीच. बाई माझा निरोप घ्यायला आल्या आणि म्हणाल्या, "जाऊ द्या काकू, मला दुसऱ्या घरचे लई दिवसांपासून बोलवूनच राहिले होते." आणि गेल्या.

आता त्या मशीनबद्दल. त्यात आपली परात मावत नाही. कुकर मावतो, पण मग बाकी काही मावत नाही. लोखंडी तवा घातला तर गंजतो आणि पितळेचं पातेलं काळवंडतं. म्हणजे खरोखर जड असतात ती भांडी हातानेच घासायची, आणि वाट्या-चमचे, जे कोणीही बोलता बोलता धुऊन टाकेल, ते मशीन धुणार.

जन्मभर इंग्रजी शिकवलं असल्यामुळे त्याचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारी या घरात मी एकटीच. त्यात लिहिलंय, उष्टं काढून टाका, पण भांडी विसळू नका, आणि मशीन पूर्ण भरेपर्यंत ती आतच राहू द्या. म्हणजे सकाळच्या वरणाची वाटी संध्याकाळपर्यंत खरकटीच, दार लावून, लातूरच्या उन्हाळ्यात! आपल्याकडे जेवून उठलं की ताट आधी विसळलं जातं. त्यामुळे मामी प्रत्येक भांडं नळाखाली चोळून घ्यायची आणि मग मशीनमध्ये रचायची.

मी तिला म्हटलं, "अगं, विसळू नकोस. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय."

"आई, तुम्ही ठेवाल का खरकटं आत?"

नाही ठेवणार. पुस्तक लिहिणाऱ्याने खुशाल ठेवावं.

शिवाय आपल्या टाकीत बोअरचं पाणी. मशीनमधून ताटं निघत ती पांढऱ्या डागांची. मग मामी ती एकेक फडक्याने पुसत बसायची. मध्येच लाईट गेली की सगळा कारभार साबणासकट आत अडकलेला. तेवढ्या वेळात दोन घरची भांडी झाली असती.

एका संध्याकाळी मामी अहमदपूरहून उभ्याने आली होती. चहासुद्धा न घेता ओट्याशी लागली. मामा सोफ्यावरून म्हणाला, "भांडी तर मशीन धुऊन राहिलं. मग तू काय करून राहिलीस इतका वेळ? पुस्तक उघडलेलं दिसत नाही तुझं."

मामीने नॅपकिनला हात पुसले आणि मला म्हणाली, "आई, यंदा परीक्षेचं राहू द्या. मी फॉर्म भरत नाही."

मला इतका संताप आला की मी मामाच्या हातातला रिमोट काढून घेतला. "ऊठ. मशीन तू आणलंस, बाईंना तू घालवलंस. उद्यापासून संध्याकाळची भांडी तुझी. विसळायची, रचायची, पुसायची, मांडायची."

"अगं आई, मशीन आहे ना!"

"तेच म्हणतेय. मशीन आहे ना. मग तुला कसली अडचण?"

आठवडाभरातच साहेब स्वतः बाईंच्या दारात जाऊन आले. बाईंनी संध्याकाळची वेळ दुसऱ्या घराला दिली होती. सकाळच्याला येईन, म्हणाल्या. त्यामुळे संध्याकाळ मामाकडेच राहिली. मशीन तो आता लावत नाही. विसळता विसळता भांडं घासूनच होतं, असं मलाच समजावून सांगतो, जसं काही मला ठाऊकच नव्हतं.

मामीने फॉर्म भरला. बसमधून उतरली की चहा घेते आणि खोलीचं दार लावून घेते. काल मामाने बेसिनपाशी उभं राहून हाक मारली, "अगं, ही कढई कशी निघते?"

मी म्हटलं, "ती अभ्यास करतेय. गरम पाण्यात भिजत घाल. आणि पुन्हा तिला हाक मारू नकोस."