नवश्याचे सत्तर ग्रॅम

समस्त अर्नाळेकरांना, तसेच विरारपासून वसईपर्यंत पसरलेल्या तमाम सोयऱ्यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, जिच्या अंगणात बारा महिने मासळी वाळत असते आणि जी स्वतः दोन जिने चढताना तीनदा थांबते, इतक्या भरल्या अंगाच्या बाईची चौदा महिन्यांची नात कुपोषित निघाली आहे. सर्वांनी नोंद घ्यावी.

खरं तर ही घोषणा मी त्या वेळी कुणापुढेच केली नाही. तीन आठवडे लपवली. शेजारणींना ‘जुलाब झालेत, सलाइन लावलंय’ एवढंच सांगितलं. गावच्या नाटकात पंचवीस वर्षं मी राणीची भूमिका करते. राणीच्या घरात कुपोषण, ही बातमी बाहेर जाऊन कसं चालेल? आता मात्र सगळं लिहून टाकते. तुमच्या घरातही एखादं बाळ ‘अंगानेच बारीक’ असेल, तर उपयोगी पडेल.

नातीला, आर्वीला, जुलाब लागले म्हणून सरकारी रुग्णालयात नेलं होतं. डॉक्टर मॅडमनी तिच्या दंडाभोवती कागदासारखी एक फीत गुंडाळली. फितीवर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे. मॅडमनी ती हलकेच ओढली. लाल.

“सिव्हिअर अ‍ॅक्यूट मालन्यूट्रिशन,” त्या म्हणाल्या. “थोडक्यात सॅम. म्हणजे तीव्र कुपोषण. हिला दाखल करावं लागेल.”

“मॅडम, आम्ही मासळीवाले,” मी म्हणाले. “आमच्या घरात मांजरंसुद्धा जाड आहेत.”

“मांजरं काय खातात ते कळलं. ही काय खाते?”

आणि इथे माझे संवाद संपले. आर्वी सात महिन्यांची असताना सूनबाईला पुन्हा दिवस गेले, अंगावरचं दूध तोडलं. सून आठव्या महिन्यात भुईगावला माहेरी, पलंगावरून उठायची मनाई. मुलगा होडीवर. म्हणजे बाळाचं सगळं माझ्याकडे. मी तिला चहात बुडवून बिस्किट द्यायचे आणि भाताची पेज. ती आवडीने खायची, मी कौतुकाने बघायचे. मासळी नको, काटा लागेल. अंडं नको, उष्ण पडेल. डाळ नको, पोट दुखेल. इतकी काळजी घेत घेत मी त्या पोरीला सहा किलो शंभर ग्रॅमवर आणून ठेवलं होतं.

कुपोषित मुलांचा वॉर्ड वेगळा असतो. चार खाटा, भिंतीवर गाजराचं आणि अंड्याचं चित्र, कोपऱ्यात वजनाचा काटा. बाळासोबत घरचं एक माणूस राहतं. बाकीच्या तिघी आया होत्या, मी एकटीच आजी. माझ्या शेजारच्या खाटेवर विरारच्या पूर्वेच्या डोंगरातल्या पाड्यावरची सुनीता होती, बावीस-तेवीस वर्षांची. तिचा मुलगा नवश्या. त्याच्या मांड्यांची कातडी सैल चड्डीसारखी लोंबत होती, तोंड म्हाताऱ्यासारखं झालेलं. आज लिहायला लाज वाटते, पण त्याला बघून मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आपली पहिली तरी नाही ना शेवटून.

हे समाधान दीड दिवस टिकलं.

रोज सकाळी सात वाजता वजन. बाळाचे सगळे कपडे काढून काट्यात ठेवायचं आणि सिस्टर आकडा मोठ्याने सांगणार. तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाली, “नवश्या, सत्तर ग्रॅम वाढला. शाब्बास. आर्वी, वीस ग्रॅम कमी.”

सत्तर ग्रॅम म्हणजे किती, तर मूठभर जवळा. पण त्या मूठभराने माझ्या पोटात जे पेटलं ते विझेना. मी सिस्टरला म्हटलं, काटा बिघडलाय. सिस्टर म्हणाली, “मावशी, मग तुम्ही बसून बघा. बिघडलाय की नाही लगेच कळेल.”

मॅडमनी समजावलं होतं. पहिले काही दिवस फक्त ‘स्टार्टर डाएट’ असतं, म्हणजे पातळ, मोजून दिलेलं दूध, दर दोन तासांनी. उपाशी राहिलेल्या शरीराची सगळी यंत्रं मंदावलेली असतात, एकदम खाणं लादलं तर हृदयच थकतं. वजन लगेच वाढणार नाही, वाढायलाही नको. नवश्या आमच्याआधी आठवडाभर आला होता, तो पुढच्या आहारावर होता. हे मी सगळं ऐकलं, मान डोलावली आणि त्यातला एक शब्दही मनावर घेतला नाही. मला फक्त सत्तर दिसत होते.

मी सुनीतावर पाळत ठेवली. ती भरवायची कशी? मांडीवर घ्यायची, चमचा ओठाला टेकवायची आणि थांबायची. नवश्याने तोंड उघडलं तर चमचा आत. नाही उघडलं तर हीसुद्धा गप्प. एका वाटीला पाऊण तास. माझं भरवणं म्हणजे पाच मिनिटांचा खेळ. टाळ्या, कावळा, चिमणी, राणीचा आवाज, राक्षसाचा आवाज. वॉर्डातली बाकीची मुलं हसायची, आर्वी तोंड फिरवायची.

चौथ्या दिवशी मी आंघोळ करून आले तर आर्वी सुनीताच्या मांडीवर. वाटी रिकामी.

“रडत होती, म्हनून घेतली,” सुनीता म्हणाली. “आजी, तुम्ही घाई करता. ती थांबली की आपन थांबायचं.”

आजी! मी एकावन्न वर्षांची आहे. शिवाय माझी नात माझ्याकडे बघून जशी हसत नाही तशी तिच्याकडे बघून हसत होती. नवरा दुसऱ्या बाईकडे बघून हसला असता तर मी त्याची खोड काढली असती आणि विसरले असते. हे विसरता येईना.

मी नवऱ्याला फोन लावला. आमच्यात बाळंतिणीला मुशी खायला घालतात. मुशी म्हणजे लहान शार्क. अंगात ताकद येते, दूध येतं. ताजी मिळाली तर उत्तम, नाहीतर खारवून वाळवलेली घरात असतेच. म्हटलं, खाऱ्या मुशीचा कढ करा आणि थर्मासमधून आणा, चहा आहे म्हणून सांगा.

नवरा आला. “मीठ जरा जास्तच उतरलंय गो,” तो कुजबुजला. “पानी घालून दे.”

मी पाणी घातलं नाही. पाण्याने ताकद कमी होते. त्या दिवशी तीनदा, पडद्याआड, आर्वीला वाटी-वाटी कढ पाजला. ती तो घटाघट प्यायली. सुनीताने एकदा नाक वर करून वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या सकाळी सात वाजता काटा दोनशे साठ ग्रॅमने वर.

अशी एंट्री मी रंगमंचावरही कधी घेतली नव्हती. आर्वीला उंच धरून मी चारही खाटांसमोरून फिरले. “बघा, गाल कसे भरले,” मी म्हटलं, सुनीताच्या खाटेपाशी जरा जास्तच वेळ थांबून. “काहींना जमतं, काहींना पाऊण तास लागतो.”

सिस्टरने शाब्बास म्हटलं नाही. तिने कार्ड बघितलं, घड्याळ बघितलं, आर्वीच्या छातीवर नजर ठेवून श्वास मोजले. मग पुन्हा मोजले. आणि धावत जाऊन मॅडमना घेऊन आली.

मॅडमनी आर्वीच्या पावलावर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथे खड्डा पडला. तो भरेना.

“याला इडिमा म्हणतात,” त्या म्हणाल्या. “अंगात पाणी साठलंय. हे वजन नाही, सूज आहे. गाल भरलेले नाहीत, सुजलेत. नाडी फार जोरात चाललीय, श्वास वाढलाय. हिच्या हृदयाला हे पाणी झेपत नाहीये. बाहेरचं काय दिलंत?”

“काही नाही,” मी म्हणाले.

सगळा वॉर्ड ऐकत होता. सुनीता ऐकत होती.

“मावशी, मी रागावायला विचारत नाहीये. काय गेलंय ते कळलं नाही तर पुढचं औषध मला अंदाजाने द्यावं लागेल.”

आर्वीचा श्वास मला आता माझ्या जागेवरूनसुद्धा दिसत होता. फासळ्यांखाली खळगा पडायचा, भरायचा, पडायचा. जिच्यासमोर हरायचं नव्हतं तिच्याचसमोर मी सांगितलं, “खाऱ्या मुशीचा कढ. चार चमचे.” मग म्हटलं, “चमचे नाही. तीन वाट्या.”

मॅडमनी लगेच मुखावाटे देणं थांबवलं, ऑक्सिजन लावला, जास्तीचं पाणी लघवीवाटे बाहेर काढणारं इंजेक्शन दिलं. मला नंतर सांगितलं, की कुपोषित शरीर मीठ बाहेर टाकू शकत नाही. मीठ पाण्याला धरून ठेवतं आणि अशक्त हृदयाला तेवढं पाणी ढकलता येत नाही. यात मूल दगावतं. काही तासांत.

तो दिवस आणि त्यानंतरचा दिवस मी खुर्चीत बसून काढला. माझ्यावर काय वेळ आली बघा. जी बाई वीस ग्रॅमसाठी सरकारी काट्याशी भांडली, ती आता वजन उतरावं म्हणून हात जोडून बसली होती.

सुनीता नवश्याला भरवून झालं की माझ्या शेजारी येऊन बसायची. बोलायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बोलली. नवश्याच्या आधी तिला मुलगी होती. “ताप आला नि गेली,” ती म्हणाली. “दोन दिवसांत. म्हनून याला नवस केला.”

मॅडम तेव्हा आर्वीची नाडी बघत होत्या. मी विचारलं, दोन दिवसांच्या तापाने मूल जातं का हो?

“भुकेने गेलं असं कुणी सांगत नाही, मावशी,” त्या म्हणाल्या. “ताप सांगतात, जुलाब सांगतात, न्यूमोनिया, गोवर. तेच आजार खातंपितं मूल चार दिवस सोसतं आणि उठून खेळायला लागतं. उपाशी मुलाकडे लढायला काही उरलेलंच नसतं. गरीब देशांत पाच वर्षांच्या आत जी मुलं जातात, त्यांतल्या कितीतरी जणांच्या तापामागे ही भूक असते. ती स्वतःचं नाव लावून येत नाही, एवढंच.”

सुनीता उठून नवश्याच्या खाटेपाशी गेली. मी माझ्या आईचा विचार करत होते. आईला आठ मुलं झाली, आम्ही पाच उरलो. एक तापाने, एक हगवणीने, एकाला म्हणे दृष्ट लागली. आमच्याकडे कधी उपासमार नव्हती, असं आई ठणकावून सांगायची. तिघंही पावसाळ्यातच गेली आणि पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असायच्या, हेही तीच सांगायची. ही दोन वाक्यं तिने कधी शेजारी-शेजारी ठेवून बघितली नाहीत. मीही नाही.

तिसऱ्या सकाळी सात वाजता सिस्टर म्हणाली, “आर्वी, दोनशे दहा ग्रॅम कमी.” आणि मग माझ्याकडे बघून, “शाब्बास.” मॅडमनी पावलावर अंगठा दाबला. खड्डा पडला नाही.

त्यानंतर मी शिकले. सुनीताच्या शेजारी मांडी घालून, तिचं बघून. चमचा ओठाला टेकवायचा आणि गप्प बसायचं. मला गप्प बसायला शिकवणं हे त्या पोरीचं खरं मोठं काम. आर्वी ‘कॅच-अप डाएट’वर गेली, म्हणजे भर काढणारं, जास्त ताकदीचं खाणं. चाळीस वाढली, साठ वाढली. माझा मत्सर गेला असं समजू नका. नवश्या ऐंशी वाढला त्या दिवशी मला दुपारचं जेवण गेलं नाही. पण सुनीताला हे सांगितलं तेव्हा ती तोंडावर पदर धरून हसली आणि म्हणाली, “मलापन. परवा आर्वी जास्त वाढली ना, तेव्हा.” तेव्हापासून आमचं जमलं. मी तिला आजीऐवजी मला मावशी म्हणायलाही लावलं.

नवश्या आमच्याआधी घरी गेला, आम्ही आठवड्याने. आता आमच्या घरात आर्वीसाठी डाळ शिजते, अंडं फुटतं, काटे काढून ताजी मासळी कुस्करली जाते, आणि चहा-बिस्किट मी एकटी खाते. तुमच्याकडे असं बाळ असेल तर अंगणवाडीत जाऊन ती फीत एकदा दंडाला लावून घ्या. ‘आमच्या घराण्याची चणच बारीक’ हे मी वर्षभर म्हणत होते, आणि त्याच घराण्यात मी उभी होते, एवढ्या भरल्या अंगाने.

घरी गेल्यावरही दर पंधरा दिवसांनी तपासणी असते, सगळ्यांची एकाच ठरलेल्या दिवशी. पहिल्या खेपेला मी आर्वीला हिरवा फ्रॉक घालून, फितीचा रंग म्हणून मुद्दाम हिरवा, नऊच्या ठोक्याला हजर. सुनीता त्याच दिवशी येणार होती. दहा वाजले. साडेदहा. पाड्यावर ताप पसरलाय, असं रांगेतली एक बाई सांगत होती. नवश्याला आठवड्यापूर्वी ताप होता, एवढंच सिस्टरला अंगणवाडीवाल्या ताईकडून कळलं होतं. त्याचं कार्ड टेबलावर सगळ्यात वर पडलेलं. सिस्टरने आर्वीचं नाव पुकारलं. मी म्हटलं, थांबा. पुन्हा पुकारलं. म्हटलं, थांबा, तिचा फ्रॉक काढतेय. पावणेबाराला सिस्टर म्हणाली, “मावशी, एक फ्रॉक काढायला किती वेळ? वजनाला घाबरलात का आज?”

मी दाराकडे बघत होते. भूक स्वतःचं नाव लावून येत नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

बाराला दोन मिनिटं कमी असताना दारात सुनीता दिसली, घामाने निथळलेली. गाडी चुकली होती, अर्धा रस्ता ती चालत आली होती. कडेवर नवश्या. ताप उतरलेला, गाल भरलेले. ते गाल बघताच मी आधी वाकून त्याच्या पावलावर अंगठा दाबला. खड्डा पडला नाही. खरे गाल होते. आर्वीपेक्षा चांगला अर्धा किलो जास्त भरणार, हे मला काट्याशिवायच दिसलं.

सिस्टरने आर्वीसाठी हात पुढे केला, आणि भरल्या रांगेसमोर, नाटकातल्या आवाजात, माझ्या तोंडून निघून गेलं:

“आधी त्याला ठेवा, सिस्टर. आम्ही आज हरायला आलोय.”