कोऱ्या ओळी

सुकलाल हुशार की भोळा, हे मला बारा वर्षांत ठरवता आलं नाही. सुरतेजवळ पांडेसऱ्याच्या आमच्या डाइंग मिलमध्ये तो हजेरीचा मस्टर लिहायचा. मी कापड धुण्याच्या खात्यात; पण दोघंही शिरपूरकडचे, म्हणून माझा चहा त्याच्या टेबलापाशी ठरलेला.

त्याची एक पद्धत होती. लग्नसराईत, आखाजीच्या सणाला आमची माणसं गावी जातात ती आठ दिवसांचं सांगून, आणि राहतात महिनाभर. पंधरा खाडे दिसले की मॅनेजर नावावर लाल रेघ मारायचा. मग नोकरी गेली. म्हणून नव्या महिन्यात सुकलाल अशा माणसाचं नावच लिहायचा नाही. ओळ कोरी सोडायचा. नावच नाही, तर रेघ मारणार कशावर? माणूस परतला की त्याच ओळीत त्याचं नाव. कोणती ओळ कुणाची, हे फक्त सुकलालच्या डोक्यात. ही लबाडी आहे असं मी एकदा म्हणालो, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला वर्ध्याकडची रुपाली. मॅनेजरने फर्मावलं, सोमवारपासून गेटवर छापील यादी लागेल, वॉचमन नवा येईल, यादीत नाव असेल तोच आत. हाताने लिहिलेलं नाव चालणार नाही आणि यादी एकाच पानात बसली पाहिजे. “अने एक ज पानुं जोईए, सुकलालभाई.”

रुपालीने मस्टर पाहून जसाच्या तसा उतरवला. छापला तर दोन पानं. पहिल्यावर मधे मधे पांढरे पट्टे, दुसऱ्यावर वर नऊ नावं आणि खाली सगळं मोकळं. सुकलाल कागद उलटसुलट करून बघत बसला.

“पांढरं छापाले बी इतला कागद लागस?” त्याने मला विचारलं. मला काय कळतंय!

रुपालीने कडेच्या मोकळ्या जागा कमी केल्या, ओळी जवळ आणल्या. तरी एक नाव दुसऱ्या पानावर उरलंच. मग तिची नजर त्या पट्ट्यांवर गेली. तिने पाचही कोऱ्या ओळी उडवल्या आणि यादी एका पानात बसली. ती खूश. सुकलालने कागद हातात घेतला, बोटाने नावं मोजली, पुन्हा मोजली, आणि त्याचं तोंड उतरलं.

“काका, तिथं तं काहीच नव्हतं!” रुपाली म्हणाली.

“हाई रिकामं नही शे, बेटा. हाऊ पांडुरंग शे. हाऊ दत्तू शे.”

बिचारी गोंधळली. पण समजावून सांगितल्यावर तिने पाचही नावं भरली. मॅनेजर यादी थोडाच वाचणार होता? त्याला पान एक हवं होतं. छापलं, तर पुन्हा एक नाव दुसऱ्या पानावर! अक्षर आणखी बारीक केलं असतं तर वॉचमनला वाचता आलं नसतं. रुपालीला जेवढं येत होतं तेवढं तिचं करून झालं होतं.

मी वैतागलो. “काढ ना त्या दत्तूला! नाहीतरी कामचुकार आहे.”

सुकलालने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. बराच वेळ तो यादीवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, “पहिली ओळ काढ.”

पहिली ओळ त्याची स्वतःची होती.

“माले कोन अडावस? मॅनेजर वयखस माले.” मॅनेजरच्या ओळखीवर त्याचा भरवसा होता.

सोमवारी सकाळी पाचही जण भुसावळच्या गाडीने उतरून पिशव्यांसकट थेट गेटवर आले. नव्या वॉचमनने यादीवर बोट ठेवून नावं जुळवली आणि त्यांना आत सोडलं. त्यांच्या मागे डबा घेऊन सुकलाल.

“नाम नहीं है, चाचा.”

“अरे, मस्टर मैं लिखता हूँ!”

वॉचमनने गेटवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. मी आतून ओरडलो, पण तो कशाला ऐकतोय! मॅनेजर दहाच्या आत यायचा नाही. सुकलालने चष्मा लावला आणि एकेका नावावर बोट ठेवत वरून वाचायला सुरुवात केली. स्वतःचं नाव शोधत होता.

“सुकलालदादा बाहेर काब्र उभा शे?” पांडुरंगाने मला विचारलं.

भोंगा झाला, वॉचमनने गेट लावलं. सुकलाल यादीच्या तळाशी पोचला होता; त्याने बोट उचललं आणि पुन्हा वरच्या नावावर ठेवलं.