रोज एक खोटं

पुलाच्या मध्यावर माझी नणंद थांबली, कठड्याला टेकली आणि पोट धरून हसायला लागली. हसण्याच्या नादातच आमची बस निघून गेली होती, म्हणून शाळेपासून घरापर्यंतची ही पायपीट.

"अगं, वर्ग हातचा जायची वेळ आलीय आणि दात कसले काढतेस?" मी म्हटलं खरं, पण मलाही आवरेना.

ती सातवीला भूगोल शिकवते. दर तासाला एक खोटं ठोकून द्यायचं, तेही चेहऱ्यावरची रेषही न हलवता, ही तिची रीत. नदी डोंगर चढते, असं काहीबाही. पोरांनी ते पकडायचं. नुसतं "खोटं!" ओरडून भागत नाही, का, ते सांगावं लागतं. मुलं तिला लाडाने 'थापाड्या बाई' म्हणतात. पण ती पोरं घरीही गप्प बसेनात. कुणाचे बाबा म्हणाले, लवकर झोपलं की हुशारी वाढते, की लगेच "कशावरून?" पालक तक्रारी घेऊन आले आणि आज मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, तिच्या वर्गात येऊन बसल्या. वर्ग पसंत पडला नाही तर हिची रवानगी कार्यालयात.

माझा वर्ग शेजारीच, मध्ये फक्त लाकडी पार्टिशन. मी फळ्याकडे तोंड करून देवाचं नाव घेत होते आणि कान पलीकडे.

"मी इथे नाहीच असं समजा," मोठ्या बाई म्हणाल्या.

नणंद इतकी घाबरली, की तिने तासभर सगळं खरंच शिकवलं. पोरांचे हाल! "बाई, समुद्र खारट असतो? नक्की?" खोटं काही सापडेना. तास संपता संपता एक मुलगी ताडकन उठली.

"सापडलं! आजचं खोटं मोठ्या बाईंनी सांगितलं. म्हणाल्या, मी नाहीच समजा. पण आमच्या बाई आज एकदाही हसल्या नाहीत, नुसतं पुस्तक वाचल्यासारखं बोलल्या. म्हणजे मोठ्या बाई होत्या!"

मग टाळ्याच टाळ्या. इकडे माझ्या हातून खडू पडला.

मोठ्या बाई तिथून थेट माझ्याकडे आल्या. "मला तर काही सुचेनासं झालंय. शाळेत सगळ्यांत जुन्या तुम्ही. उद्या तुम्ही बसा आणि वर्ग तिच्याकडे ठेवायचा का, ते सांगा. नातं बघून बोलणार नाही, एवढी खात्री आहे मला."

पुलावर मी हे सांगितलं तेव्हा कुठे नणंदेचं हसू थांबलं.

"घाबरू नकोस, मी देवाला सांगून ठेवलंय," मी म्हटलं.

"तो हो म्हणाला? कशावरून?"

"गप गं! तुझ्या पोरांनाच पाठव त्याच्याकडे. विचारू देत. त्याला सवय आहे."

पुन्हा दोघी फुटलो. एक सायकलवाला मान वळवून बघत गेला. डोळे पुसत ती म्हणाली, "वहिनी, एक ऐकशील? उद्या तुझी नणंद म्हणून माझी बाजू घेऊ नकोस. मागच्या बाकावर बस, खोटं पकड आणि पटलं तरच हो म्हण. नाही पटलं तर का नाही, ते माझ्या पोरांसमोर सांग."