वरच्या वाडीची कपबशी

गाव जुनं झालं की त्याचे किस्से साठतात, असा आपला समज. आमच्या वाडीत मात्र घरांना रंग लागायच्या आतच ते इतके साठले, की एकदा चहाला बसलं की उठवत नाही.

हिंजवडीजवळच्या नेऱ्याची आमची शेती फ्लॅटांच्या टॉवरखाली गेली. मग भावकीतल्या चार घरांनी मुळशीत वर डोंगराकडं भाताची खाचरं घेतली, घरं बांधली. पुढाकार माझ्या चुलत्यांचा, तात्यांचा. खालच्या वाडीतली सरूकाकी त्यांना पहिल्या दिवसापासून ‘पाव्हणं’ म्हणायची. तिच्याकडं घरच्यांना नि शेजाऱ्यांना चहा स्टीलच्या ग्लासात, पाहुण्याला कपबशीत. तात्यांना कायम कपबशी.

एकदा ते धीर करून म्हणाले, "काकी, ग्लासात द्या की."

"आसं कसं? पाव्हणं तुमी."

त्या दिवशी तात्या घरी येऊन धड जेवलेही नाहीत. मला फार वाईट वाटलं.

*

वाडीला नाव हवं म्हणून बैठक बसली. आयटीत असलेला माझा भाऊ म्हणाला, "ग्रीन व्हॅली ठेवू."

तात्या म्हणाले, "आरं, हितं भात लावायचाय, फ्लॅट इकायचे न्हाईत."

बैठक तिथंच मोडली. तोवर खालच्या लोकांनी ‘पाव्हण्यांची घरं’ असं नाव पाडूनही टाकलं होतं.

*

एका रविवारी एक गाडी थेट अंगणात. गॉगलवाले साहेब बायकामुलांसह उतरले. "काका, रिसॉर्ट हेच ना? चेक-इन कधी?"

तात्यांनी गोठ्याकडं बघितलं. "थांबा जरा. म्हशीनं अजून चेक-आउट केलं न्हाई."

त्या मंडळींना पिठलं-भाकरी खाऊ घालूनच सोडलं.

*

पहिल्याच साली पावसानं ओढ दिली. तात्यांनी ओढ्यावर मोटर बसवून खाचरांना पाणी सुरू केलं, सकाळी सात ते आठ! नेऱ्यात शेती गेल्यावर वर्षानुवर्षं खोल्या भाड्यानं दिलेल्या, तिथं नळाला पाणी तेवढाच वेळ सोडायचे. रोपं पिवळी पडली तेव्हा काकी बांधावर आली.

"पाव्हणं, भात काय भाडेकरू हाय व्हय?"

तिनं मोटर दिवसभर चालवायला लावली नि भात वाचला. आम्ही हसून लोळलो. तात्या तेवढे त्या ‘पाव्हणं’पाशीच अडकून राहिले.

*

यंदा काकीच्या भातलावणीला माणसं कमी पडली. तात्या कुणी न बोलावता चिखलात उतरले. दुपारी काकी चहाची किटली घेऊन आली. सगळ्यांना ग्लास, नि तात्यांसाठी फडक्यात बांधून आणलेली कपबशी. तिनं ती भरून त्यांच्या हातात दिली, एवढ्यात वाट चुकलेली एक कॅब बांधाशी थांबली. ड्रायव्हर हिंजवडीचा रस्ता विचारत खाली उतरला. काकीनं त्यालाही चहाला थांबवलं.

मग ती वळून म्हणाली, "तात्या, ती कपबशी पाव्हण्याला दे. ग्लास संपलं, तू घे झाकणात."

तात्यांनी कपबशी दिली. काकीनं भरून दिलेलं किटलीचं झाकण चिखलाच्या दोन्ही हातांनी धरून ते बांधावर उभे राहिले. चहा गार झाला, तरी पिईनात.