पाणी आलं कुठून?

“गळणार. कुठून गळतंय, तेवढंच बघायचं.”

कुठल्याही बाबतीत त्याचं मत एवढंच. नवी पाण्याची टाकी असो, कुणाचं ठरलेलं लग्न असो, नाहीतर मी त्याला दिलेला प्लॅन असो. असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. मी ठाण्यात घरांचे नकाशे काढते. त्यांच्यावरून, अजून पायाही न खणलेल्या इमारतींची अगदी खरी वाटतील अशी चित्रं तो कॉम्प्युटरवर करून द्यायचा. काम एक नंबर, पण स्वभाव! चहाचा कप समोर आला की आधी बुडाला बोट लावून बघणार. कुरिअरवाला आला की त्याचा फोटो काढून ठेवणार. एकदा मी हौसेने डब्यात साबुदाणावडे नेले, तर म्हणतो, “आज काय विशेष? काम वाढवायचंय का?” वाढवायचंच होतं, ते सोडा.

कोलशेतच्या कोळीवाड्यात त्याचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत त्याचं टेबल आणि टेबलाला अगदी खेटून आईचा पलंग. ‘आये’ म्हणायचा तो तिला. जन्मभर मासळीच्या पाट्या वाहिलेली बाई, आता मणक्याच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली. कसं वाटतंय विचारलं की, “मना काय धाड भरलीय?” असं म्हणून वर हसायची. या माणसाचा जगात कुणावर विश्वास असेल, तर तो या एका बाईवर.

भानगड अशी होती की त्याच्या कॉम्प्युटरमधलं, ही चित्रं तयार करणारं ग्राफिक्स कार्ड काम करताना भयंकर तापायचं. ते थंड ठेवणारे पंखे असे घोंघावायचे की त्यापेक्षा पिठाची गिरणी परवडली.

“मॅडम, आयेनं हाक मारली तरी मला ऐकू येत नाय,” तो म्हणाला. “उठायला गेली आणि पडलीबिडली तर?”

म्हणून त्याने ठरवलं, पंखे काढायचे आणि कार्ड पाण्यानं थंड करायचं. कार्डावर तांब्याचा ठोकळा, त्याला नळ्या, पाणी फिरवायला एक छोटा पंप, आणि ते निववायला गाडीत असतो तसा रेडिएटर. सुटे भाग आणून सगळं स्वतः जोडायचं.

“अरे, विजेच्या वस्तूत पाणी? डोकं ठिकाणावर आहे ना?” मी म्हटलं.

“आयेचा आवाज आला पायजे,” एवढंच बोलला.

आयेला मात्र ते पसंत नव्हतं. “नको रं ते पानी. पंख्याच्या आवाजान बरी झोप लागते मना.” पण त्याने ऐकलं नाही.

त्याची पद्धत अशी. कार्डाला वीज द्यायची नाही, नुसता पंप दिवसभर चालू ठेवायचा आणि प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर अंथरायचा. सगळे कोरडे राहिले तरच पुढचं. तोवर काम आतल्या खोलीत, तेवढ्याच घोंघावणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरवर. पहिल्याच दिवशी पलंगाकडच्या जोडाखालचा टिश्यू ओला निघाला. त्याने जोड बदलला. पुन्हा ओला. दुकानदाराने जुना माल गळ्यात मारला म्हणून त्याच्याशी फोनवर कडाकडा भांडला. मग छताचे पत्रे तपासले. शेजारच्या मांजरावर पाळत ठेवली. शेवटी गाडी माझ्यावर आली.

“मॅडम, काल तुम्ही हात धुवून इथंच उभ्या होता.”

मी अशी भडकले! “हो रे बाबा, तुझं मशीन बुडवायलाच नौपाड्यातून रिक्षा करून येते मी!”

मग त्याने सापळा लावला. नळ्यांतल्या पाण्यात निळा रंग घातला. दुसऱ्या दिवशी मी गेले, तेव्हा तो टिश्यू हातात धरून टेबलाशी उभा होता. टिश्यू ओलाचिंब होता आणि पांढराशुभ्र.

“हे आतलं पाणी नाय,” तो हळूच म्हणाला. त्याने पलंगाकडे पाहिलं. आयेच्या उशाशी पाण्याचा तांब्या होता आणि तिची बोटं अजून ओली होती.

“आये, तू?”

“पंखं लाव परत,” भिंतीकडे तोंड फिरवून ती म्हणाली.

“पण का?”

मला वाटलं, म्हातारीचा हट्ट. त्यालाही तसंच वाटलं असणार. जोडांत दोष नाही म्हटल्यावर त्याने कार्डाला वीज दिली, माझ्या इमारतीचं काम सुरू केलं. कार्ड गार, आवाजाचं नाव नाही. खाडीतल्या होडीच्या इंजिनाची धडधडसुद्धा घरात ऐकू यायला लागली. तो मोठ्या ऐटीत माझ्याकडे वळला आणि तसाच थांबला.

आये कण्हत होती. दाबून, दर श्वासाला. आम्हाला ऐकू जातंय हे तिच्या लक्षात आलं, तशी तिने पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. आवाज बंद झाला, खांदे मात्र थरथरत राहिले.

“कवापासून?” त्याने विचारलं. तिने नुसता हात हलवला.

किती महिने ती त्या पंख्यांच्या आवाजात मोकळेपणी कण्हत होती, देव जाणे. आणि हा शहाणा हातभर अंतरावर बसून सगळ्या गावावर संशय घेत होता! मी नकाशे तिथंच ठेवून निघाले.

दुसऱ्याच दिवशी त्याने तिला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या वाढल्या, इंजेक्शनं झाली. थोडा उतार पडेल, पण हे दुखणं जायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

नंतर एकदा भेटायला गेले, तर गल्लीच्या तोंडापासूनच घरघर ऐकू आली. नळ्या, पंप, सगळं खोक्यात भरून कोपऱ्यात टाकलेलं. पंखे परत कार्डावर. पडद्यावर काम तर काहीच नव्हतं, नुसते पंखेच सर्वात वरच्या वेगावर सोडलेले. त्याने खुर्ची टेबलापासून ओढून पलंगाशी घेतली होती आणि आयेच्या पाठीवर तळवा ठेवून बसला होता.

“अरे, हे काय?” मी ओरडूनच विचारलं.

त्याने मला जवळ बोलावलं. मी वाकले, तेव्हा कानाशी म्हणाला, “आवाज असला की ती तोंड दाबत नाय, मॅडम.” हात मात्र त्याने तिच्या पाठीवरून उचलला नाही.